शुक्रवारची नदी

चैत्र लागला की जालन्याच्या बाजारात खरबुजांच्या राशी दिसायला लागतात. कुठून कुठून येतात कोण जाणे. पण एखाद्या गाड्यावर पिकून उकललेलं खरबूज असतं, त्याचा वास येतो आणि माझ्या तळपायांना वाळू लागते. गरम, भुसभुशीत, बोटांच्या बेचक्यांतून वर येणारी वाळू. मी भर बाजारात चपला घालून उभी असते, पिशवी सांभाळत. वय ऐंशीच्या पुढं. तरी दोन-चार क्षण पाय नदीत असतात.

परवा सून म्हणाली, "आई, पोरांना सुट्ट्या लागल्या. रोज विचारतात, कुठं न्यायचं? जिथं जावं तिथं तिकीट."

धाकटा नातू माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही लहानपणी कुठं जायचे?"

"नदीवर."

"आणि मग दुसऱ्या वेळी?"

"नदीवरच."

त्याला माझी कीव आली. त्यानं हातातला बिस्किटाचा अर्धा तुकडा मला देऊन टाकला.

आम्ही तेव्हा शहागडला राहत होतो. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होते. राज्य निजामाचं. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि सुट्टी शुक्रवारी. रविवारला आमच्या लेखी काही मोल नव्हतं. तो मंगळवारासारखाच एक वार. शुक्रवार उजाडला की गावावर वेगळंच ऊन पडायचं, निदान मला तरी तसं वाटायचं. आजही शुक्रवारी सकाळी जाग आली की क्षणभर आज काहीतरी चांगलं व्हायचं आहे असं वाटतं. मग आठवतं, आता तसं काही नाही.

ज्या मोसमाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या वर्षीच्या श्रावणात आमची आई तापानं गेली. तिला आम्ही 'बाई' म्हणायचो. मी दहा वर्षांची, विमल पाच-साडेपाचची आणि बबन नुकता चालायला लागलेला. वर्षभर अण्णांनीच आम्हाला सांभाळलं. भाकरी थापताना त्यांची बोटं भाजायची, आणि ते ती कानाच्या पाळीला लावून गप्प बसायचे. बाईचं नाव त्यांनी त्या वर्षात एकदाही काढलं नाही. त्यांनी नाही काढलं म्हणून आम्हीही नाही काढलं. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात त्यांचं लग्न झालं आणि घरात नवी आई आली.

ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. उंच, सावळी, मोठ्या पावलांची. शहागडहून खाली, कुंभार पिंपळगावकडं जाताना नदीकाठी एक लहानसं गाव लागतं, तिथल्या शेतकऱ्याची मुलगी. विमल आणि बबन दोन दिवसांत तिला 'माय' म्हणायला लागले. मी काहीच म्हणत नव्हते. हाक न मारता बोलायची कला मी त्या हिवाळ्यात शिकले. "पाणी संपलंय," असं मी भिंतीकडं बघून म्हणायची. "बबन रडून राह्यला," असं दाराला सांगायची.

आणि तिचं काहीच बरोबर येत नव्हतं. वरणात मीठ जास्त, उतरंडीची गाडगी उलटसुलट, विमलच्या वेण्या एक वर एक खाली. मी टपूनच असायची. "आमची बाई असं न्हाई करायची," मी म्हणायची.

"बरं," ती म्हणायची, आणि सगळं मोडून पुन्हा करायची. तिच्या त्या 'बरं'चा मला फार राग यायचा. तिनं एकदा तरी चिडावं, एक धपाटा घालावा, म्हणजे मला अण्णांना सांगता येईल, अशी मी वाट पाहत होते. तिनं ती संधी कधी दिली नाही.

माघातल्या एका शुक्रवारी अण्णा वह्या तपासता तपासता उठले. खुंटीवरचा डोक्याला बांधायचा मोठा रुमाल घेतला आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "आज नदीवर जाऊ सगळे."

नवी आई चुलीपुढून म्हणाली, "मी पण?"

"सगळे म्हणजे सगळे."

तिनं भाकऱ्या, ठेचा आणि कांदे एका फडक्यात बांधले. कपाळापर्यंत पदर ओढून, खाली मान घालून ती आमच्या मागून चालत आली. उतार संपला, समोर गोदावरीचं वाळवंट उघडं पडलं, आणि ती थांबली. मान वर केली. वारा आला तसा तो तिनं नाकानं ओढून घेतला. मग पदर खांद्यावर पडू दिला, आणि आमच्या पुढं निघाली.

अण्णांनी एक जागा पाहून रुमाल अंथरला. ती म्हणाली, "हितं नका बसू. खालून वली हाय. तिकडं बसू, त्या उंचवट्याला."

अण्णांनी रुमाल उचलला. खालची वाळू खरंच ओली होती. "तुला कसं कळलं?"

"रंगावरून." मग जरा लाजून म्हणाली, "आमचं घर सात-आठ महिने नदीतच असतंय की. दिवाळी झाली की वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायच्या. मंग राखणीला तिथंच खोप. पार आखाडापर्यंत."

बबनला तहान लागली होती. तिनं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरली. कोपरभर खड्डा झाला. आधी गढूळ पाणी आलं, ते तिनं ओंजळीनं उपसून टाकलं. दुसरं आलं, तेही टाकलं. तिसऱ्या वेळी आलेलं पाणी इतकं नितळ होतं की तळाची वाळू दाणा न दाणा दिसत होती. "हा झिरा," ती म्हणाली. "नदीपेक्षा गोड. पी."

मी नाही प्यायले. मी नदीच्या धारेचं प्यायले.

मग माघ-फाल्गुन-चैत्र, एकही शुक्रवार आम्ही चुकवला नाही. जायला काही लागत नव्हतं. चार भाकऱ्या घरीही खाल्ल्याच असत्या. बाकी सगळं नदी द्यायची. ज्वारीची चिपाडं सोलून नवी आई बैलगाडी करायची. बैलांना शिंगं, गाडीला फिरणारी चाकं. पाण्यात पाय सोडून बसलं की बारके मासे येऊन तळव्यांना टोचायचे आणि विमल किंचाळायची. वाळूत गारगोट्या सापडायच्या. ओल्या असताना लाल, पिवळ्या, मधासारख्या, आणि घरी नेल्या की नुसते दगड. "त्या हितंच चांगल्या दिसतात," ती म्हणायची, "न्यायच्या न्हाईत, पाह्यच्या." एकदा तिनं आम्हाला टिटवीची अंडी दाखवली. उघड्या वाळूत, खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी. तिनं बोट दाखवलं तरी आम्हाला दिसेनात. अण्णा खाली वाकून शोधायला लागले आणि डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली. "लांब व्हा, लांब व्हा," नवी आई म्हणाली, "तिला किती घोर पडला बघा." आणि आमचे मास्तर, ज्यांना अख्खी शाळा भ्यायची, ते मुकाट्यानं मागं सरले.

घरात ती आमच्याकडून शिकायची आणि नदीवर आम्ही तिच्याकडून. मला ते कळत होतं, आवडत नव्हतं, आणि तरी शुक्रवारची वाट मीच सगळ्यांत जास्त पाहत होते.

आता शहागडचा पूल ओलांडताना मी खिडकीशी बसते. पुलावर ट्रकची रांग असते, रस्त्यावर धाबे, टायरची दुकानं. वर पैठणला धरण झालं, तेव्हापासून नदी तिच्या मनानं वाढत नाही आणि तिच्या मनानं आटत नाही. वाळू तर गाड्या भरभरून गेली. कुणाकुणाच्या घरांच्या भिंतींत आमचे ते शुक्रवार लिंपले गेले असतील. मला त्याचं फार दुःख होत नाही. घरं तर लोकांना लागतातच. फक्त एवढंच वाटतं, की एखाद्या लेकराच्या हाताला अजून झिरा उकरता येईल इतकी वाळू कुठंतरी राहावी.

चैत्रातला एक शुक्रवार. ऊन चढलं होतं. पाणी आटून नदीचे दोन-तीन फाटे झाले होते, मधे वाळूचे पट्टे. नवी आई लुगडं खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि विमलला चालायला शिकवत होती, म्हणजे प्रवाहाला पाठ न देता तिरकं कसं चालायचं ते. बबन काठावर बसून थपाथपा पाणी उडवत होता. त्यानं ओंजळ भरून पाणी फेकलं ते नेमकं अण्णांच्या चष्म्यावर. अण्णा दचकले. आणि मग हसले. तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नवी आईही हसायला लागली.

मी उठले आणि चालायला लागले.

कुठं जायचं हे ठरलं नव्हतं. बाई जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. अण्णा परत कधी हसणारच नाहीत, हे मी मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं. माझ्या मते तेवढं एक बाईचं म्हणून घरात उरलं होतं. आणि ते आत्ता, दोन मिनिटांत, एका ओंजळीनं गेलं. मी एक फाटा ओलांडला, पुढच्या पट्ट्यावर गेले, वळण घेतलं. कुणी दिसेनासं झालं तरी चालतच राहिले. समोर गुळगुळीत, सुकल्यासारखी दिसणारी वाळू होती. तिसऱ्या पावलाला ती थरथरली आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेले.

पाय काढायला गेले तर दुसरा आणखी खोल. धडपडले, तशी मांड्यांपर्यंत रुतले.

"हलू नको, शके. बिलकुल हलू नको."

नवी आई होती. ती माझ्या मागोमाग निघाली होती. विमल-बबनला अण्णांकडं सोडून. दहा हातांवर थांबली, वाळू पाहिली आणि चक्क पालथी पडली. सगळं अंग पसरून, पालीसारखी, ती सरकत माझ्याजवळ आली.

"माझ्याकडं पाह्य. पाय वढू नको. मागं रेल. खाटंवर निजतीस तशी रेल."

"मी बुडून राह्यले!"

"न्हाई बुडत. ह्या वाळूत माणूस कमरेपेक्षा खोल जात न्हाई. मी गेल्ते एकदा. तुझ्याएवढीच व्हते."

"मंग?"

"मंग काय, माझ्या मायनं असंच पालथं पडून काढलं. वर आल्यावर दोन चापट्या दिल्त्या."

मी रडत रडत विचारलं, "तू देशील?"

तिला मी पहिल्यांदाच समोरून काही विचारलं होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं असावं, कारण ती जरा थांबली. "आधी वर तर ये," ती म्हणाली.

तिनं माझ्या एका मांडीभोवती हात घालून वाळू हलवायला सुरुवात केली. हलवायची, फटीत पाणी भरू द्यायचं, पुन्हा हलवायची. घाई नाही, गडबड नाही. मी पाठीवर रेललेली, आभाळाकडं तोंड. तिचा चेहरा माझ्या खांद्याशी, वाळूनं माखलेला.

"अण्णा हसले म्हणून उठून आलीस ना?" तिनं विचारलं.

मी डोळे मिटून घेतले.

"मी पाह्यलं. तू आधी त्यांच्याकडं पाह्यलंस, मंग माझ्याकडं, आन् उठलीस."

"बाई गेल्यापासून ते हसलेच न्हाई," मी म्हटलं.

"मला काय ठाव? मी तर पहिल्यांदाच पाह्यलं." मग जरा वेळानं म्हणाली, "मला वाटलं व्हतं, त्यांना हसताच येत न्हाई. सरकारनंच मना केलं आसंल मास्तर लोकांना."

मांड्यांपर्यंत वाळूत असताना मला हसू आलं. तशी ती पण हसली, आणि तेवढ्यात माझा एक पाय सुटला.

दुसऱ्या पायाला फार वेळ लागला. दोघी सरपटत कठीण जागी आलो तेव्हा तिची कोपरं सोलून निघाली होती. तिनं मला धारेत बसवून धुतलं, मग स्वतःला धुतलं. चापट्या काही दिल्या नाहीत.

"शके, ह्यांना सांगू नको," ती म्हणाली. "भ्यायचे. मंग शुक्रवार बंद होईल." लुगडं पिळता पिळता, माझ्याकडं पाठ करून ती पुढं बोलली, "मला घरात काही जमत न्हाई गं. हितं जमतं."

अण्णांनी विचारलं, "इतक्या भिजल्या कशानं?"

"मी पाण्यात पडले," मी म्हटलं. अण्णांशी मी खोटं बोलले ती पहिलीच वेळ. त्यांनी तिच्या कोपरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आपला कोरडा रुमाल माझ्या डोक्यावर टाकला.

त्या दिवसानंतर घरात फार काही बदललं असं नाही. वरणात मीठ जास्तच पडत राहिलं. फक्त मी आता टपून बसत नव्हते. मिठाचा डबा मीच हातात घ्यायला लागले.

वैशाखातला शुक्रवार आला. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. आम्ही जेवून काठावरच्या बाभळींच्या सावलीत बसलो होतो. नवी आई विमलच्या केसांतली वाळू झटकत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "शके, तुझी बाई कशी व्हती गं?"

बाई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी अण्णांकडं पाहिलं. ते पाण्याकडं तोंड करून बसले होते. मी हळूहळू सांगायला लागले. बाई ठेंगणी होती. चालताना तिच्या जोडव्यांचा आवाज यायचा. तिला आंबट फार आवडायचं. चिंचा चोरून खायची आणि आम्हाला ओरडायची. मला ताप आला की माझ्या पायाशी बसून राहायची, उशाशी नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी कितीतरी विसरायला लागले आहे, आणि सांगितलं की परत येतंय.

मी थांबले तेव्हा अण्णा तसेच, पाठमोरे, म्हणाले, "तिला नदीची भीती वाटायची. म्हणून आपण कधी आलो नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "मी म्हणायचो, एकदा चल. ती म्हणायची, पुढच्या शुक्रवारी."

विमलनं मान वळवून विचारलं, "माय, तुला आई न्हाई का?"

"हाय की. हितून खाली, ह्याच काठाला. हे पाणी तिकडंच जातंय."

"मंग तू जात का न्हाई?"

नवी आईचे हात थांबले. "तुम्हाला कोण पाह्यल मंग?" ती म्हणाली आणि फडक्याच्या घड्या घालायला लागली. एक घडी, दुसरी घडी, मोडून पुन्हा पहिली.

लग्नाला सहा महिने होत आले होते. पहिली संक्रांत गेली, होळी गेली. तिला माहेरी कुणी धाडलं नव्हतं, तिनं म्हटलं नव्हतं. रोज वर्गात एकेकाचं नाव घेऊन हजेरी घेणाऱ्या अण्णांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. ते उठले, पाण्यापाशी गेले आणि कितीतरी वेळ हात धूत बसले. आल्यावर म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी तुझ्या आईकडं जाऊ. सगळे निघू, सकाळी लौकर."

'पुढच्या शुक्रवारी' म्हणताना त्यांचा आवाज बदलला, हे मला त्या वयातही कळलं. आणि त्यांनी शुक्रवारची वाटच पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारीच, शेजारच्या पाटलांची बैलगाडी दारात उभी होती.

नवी आई पुढं पन्नास वर्षं आमच्यात होती. तिला दोन मुलगे झाले, आमच्या बदल्या झाल्या, रझाकारांचे दिवस आले नि गेले, निजामाचं राज्य गेलं आणि सुट्टी रविवारी व्हायला लागली. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. त्या सगळ्यातलं खूपसं आता पुसट झालंय. तो शनिवार मात्र अजून लख्ख आहे.

बैलगाडी नदीच्या काठाकाठानं निघाली. ती आधी गाडीत पाठमोरी बसली होती, मग पुढं तोंड करून बसली, मग खाली उतरून चालायला लागली. बैल फार हळू चालतात म्हणाली. ऊन तापलं तेव्हा खाली वाळवंटात हिरवे पट्टे दिसायला लागले. वेलांच्या वाड्या, मधे पाचटाची एक खोप, आणि वाऱ्यावर पिकल्या खरबुजांचा वास. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, दोन पावलं हळू टाकली आणि मग पळत सुटली. उतारावरून, वेल चुकवत, वाळूत एकदाही पाय न रुतू देता.

खोपीतून एक वाळकी म्हातारी बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "धुरपे?" ती ओरडली. "माझी धुरपी आली गं!"

तिचं माहेरचं नाव मला तेव्हा कळलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती वाळूत बसली होती, आईच्या मांडीत डोकं खुपसून, आणि हमसून हमसून रडत होती. विमल रडते तशी. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि काहीच विचारत नव्हती. अण्णा लांबच थांबले, चष्मा पुसत. बबन घाबरला. "माय, माय," करत त्यानं माझ्या हाताला हिसका दिला आणि तिच्याकडं धावायला लागला. मी त्याला मागून पकडला आणि कडेवर घेतला. तो हातपाय झाडायला लागला.

"थांब रे बबन," मी त्याच्या कानात म्हटलं. "आत्ता न्हाई जायचं. ती तिच्या आईपाशी हाय."